क्लोंडाइक गोल्ड रशची चित्रं आणि खाणवाल्यांचं रोजचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी क्लोंडाइकची जुनी रेखाचित्रं आणि फोटो जमेल तसे बघत आलेय आणि ओळखीच्यांना दाखवत आलेय, तर तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. इतिहासाचा पूर्ण धडा नाहीये हा, चित्रं बघताना नक्की काय बघायचं एवढ्यापुरतंच आहे.

ही नक्की कुठली गोल्ड रश, म्हणजे सोन्यासाठी लोकांची धाव? कॅलिफोर्नियाची का?

नाही, ती १८४९ ची, आधीची. ही कॅनडाच्या वायव्य टोकाची, युकॉनची. १६ ऑगस्ट १८९६ ला क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं, त्या ओढ्याचं नाव मग बोनान्झा पडलं. सापडलं ते स्कूकम जिम, डॉसन चार्ली, जॉर्ज कारमॅक आणि त्याची बायको केट यांच्या टोळीला. बाहेरच्या जगाला पत्ता लागला तो थेट पुढच्या वर्षी, जुलै १८९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलच्या बंदरात सोनं घेतलेली माणसं बोटींतून उतरली तेव्हा. अमेरिकेत तेव्हा मंदी होती, लोक बेकार होते, त्यामुळे जो तो निघाला. साधारण एक लाख लोक निघाले असं धरतात आणि त्यातले तीस-चाळीस हजारच डॉसनपर्यंत, म्हणजे तिथे वसलेल्या खाणवाल्यांच्या शहरापर्यंत, पोचले. आणि पोचले तेव्हा चांगले ओढे सगळे आधीच्यांनी घेऊन झाले होते! हे डोक्यात ठेवून चित्रं बघा, चेहरे वेगळेच दिसायला लागतात.

चित्रं काढली कोणी? खाणवाल्यांनी स्वतः?

थोडी त्यांनी, पत्रांत आणि डायऱ्यांत. पण आपण जी बघतो ती बहुतेक पाठवलेल्या लोकांची आहेत. सगळ्यात महत्त्वाचं नाव टॅपन ॲडनी. हार्पर्स वीकली या साप्ताहिकाने त्याला १८९७ च्या उन्हाळ्यात पाठवलं, लिहायचं पण आणि चित्रं पण काढायची. हा माणूस बंदरावर बसून ऐकीव गोष्टी लिहिणारा नव्हता, सगळ्यांसारखं सामान घेऊन चिलकूट खिंड चढला, बोटीने नदी उतरला, ऑक्टोबरच्या शेवटी नदी गोठता गोठता डॉसनला पोचला आणि पुढचं जवळजवळ वर्षभर तिथेच राहिला. त्याचं पुस्तक १९०० साली आलं. त्याच्या चित्रांत अवजारं अशी काढलेली असतात की बघून सुताराने तशीच्या तशी बनवावीत, दांडा कुठे बसवलाय, दोरी कशी गुंडाळलीय, सगळं. (पुढे आयुष्यभर हा माणूस मूळ रहिवाशांच्या बर्च झाडाच्या सालीच्या होड्यांचा अभ्यास करत राहिला, त्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवत राहिला, म्हणजे नजर पहिल्यापासून तशीच होती.)

लंडनच्या सचित्र साप्ताहिकासाठी ज्युलियस प्राइस नावाचा चित्रकार गेला होता. फोटोवाल्यांत एरिक हेग, फ्रँक ला रोश, आणि डॉसनमध्ये दुकान टाकलेले लार्स आणि ड्युक्लो. असाहेल कर्टिस पण होता, त्याची गोष्ट वाईट वाटण्यासारखी आहे. त्याने काढलेले फोटो त्याच्या मोठ्या भावाने, एडवर्ड कर्टिसने, स्वतःच्या नावावर मासिकात छापले आणि दोघं भाऊ जन्मभर एकमेकांपासून तुटले.

कॅमेरा होता ना, मग हाताने चित्रं काढायची गरजच काय?

हा प्रश्न मला फार आवडतो. कॅमेरा होता, पण काचेच्या प्लेटा, जड पेटी, तिपाई, आणि शून्याच्या खाली चाळीस अंशात रसायनं गोठतात. हेग डेव्हलपिंगची रसायनं गरम करून वापरायचा आणि पाणी कोळशातून गाळून घ्यायचा. शिवाय डॉसन ६४ अंश उत्तरेला आहे, डिसेंबर-जानेवारीत सूर्य डोंगराच्या वर पण नीट येत नाही. म्हणजे थंडीतलं सगळं काम अंधुक उजेडात, आणि खड्ड्याच्या तळाशी तर मेणबत्तीच्या उजेडात. तिथे कॅमेऱ्याला फार काही दिसत नाही, माणसाच्या डोळ्याला दिसतं. म्हणून खिंडीतला प्रवास, शहरातले रस्ते, नदीवरच्या बोटी या सगळ्याचे फोटो भरपूर आणि खड्ड्यातल्या कामाचे कमी, ती कमतरता रेखाचित्रं भरून काढतात. अजून एक, तेव्हा हाफटोन पद्धतीने, म्हणजे बारीक ठिपक्यांतून, फोटो थेट छापणं नुकतं सुरू झालं होतं, जुनी खोदकामाची पद्धत पण चालू होती, त्यामुळे एकाच अंकात फोटो, रेखाचित्र आणि फोटोवरून काढलेलं रेखाचित्र असं तिन्ही सापडतं. ॲडनी स्वतः कॅमेरा पण घेऊन गेला होता आणि दोन्ही वापरायचा.

बर्फाच्या डोंगरावर माणसांची काळी रांग असलेला तो फोटो कुठला?

चिलकूट खिंड. शेवटच्या उभ्या चढावर बर्फात खोदलेल्या साधारण १५०० पायऱ्या होत्या, त्यांना सोनेरी पायऱ्या म्हणायचे. हेगचे हे फोटो जगभर गेले आणि आता क्लोंडाइक म्हटलं की तेवढंच डोळ्यापुढे येतं.

पण त्या फोटोत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कॅनडाचे माउंटेड पोलीस माथ्यावर बसलेले होते आणि वर्षभराचं खाणंपिणं बरोबर नसेल तर आत सोडायचे नाहीत, कारण त्याच थंडीत डॉसनमध्ये उपासमारीची वेळ आली होती. अन्न, तंबू, अवजारं, सगळं मिळून एका माणसाचं सामान जवळजवळ एक टन. पाठीवर एका खेपेला पन्नास-साठ पौंड म्हणजे तेवीस-सत्तावीस किलो. म्हणजे तीस-चाळीस खेपा! पायऱ्या चढायच्या, माथ्यावर सामान टाकायचं, खुणेला काठी रोवायची, बर्फावरून बसून घसरत खाली यायचं, परत रांगेत. त्यामुळे त्या फोटोत जी गर्दी दिसते ती तीच तीच माणसं आठवडेच्या आठवडे तोच चढ चढतायत. आणि सगळ्यांची पावलं एकसारखी पडलेली का दिसतात, तर दम खायला रांगेतून बाजूला झालं की परत कोणी आत घेईपर्यंत ताटकळायचं, म्हणून पुढच्याचं पाऊल उचललं की आपलं उचलायचं, बस.

हा फोटो सुंदर आहे, मला पण आवडतो. पण तो प्रवास आहे, खाणकाम नाही. माझं म्हणणं एवढंच की खाणवाल्यांचं जगणं बघायचं असेल तर त्या रांगेपाशी थांबू नका, पुढे या.

खाणीच्या चित्रांत सगळीकडे एवढा धूर का दिसतो?

इथेच खरी गंमत आहे, आणि हे कळलं की बाकीची निम्मी चित्रं आपोआप कळतात.

सोनं ओढ्याच्या वरच्या वाळूत थोडंच असायचं, खरं सोनं खाली, तळाच्या खडकाला चिकटलेल्या गोट्या-वाळूच्या थरात, पंधरा-वीस-तीस फूट खाली. आणि ती जमीन कायमची गोठलेली, पर्माफ्रॉस्ट. कुदळ मारली तर कुदळ उडते. मग करायचे काय, तर संध्याकाळी खड्ड्यात लाकडं रचून आग लावायची, रात्रभर ती धुमसत राहायची, सकाळी राख बाजूला करून जेवढी माती वितळली असेल, कधी वीतभर कधी हातभर, तेवढी उपसायची. रात्री परत आग. असं करत करत तळाच्या खडकापर्यंत जायचं आणि मग खडकाच्या अंगाने आडवे बोगदे काढायचे, ते पण आग लावूनच. एक जण खाली, धुराने डोळे चुरचुरतायत, बादली भरतोय, दुसरा वर रहाट फिरवून बादली ओढतोय आणि बाजूला ढीग करतोय. आपल्या विहिरीवर असायचा तसाच रहाट, लाकडी, हाताने फिरवायचा. चित्रात खड्ड्याच्या तोंडावर जे आडवं ओंडक्यासारखं दिसतं ते हेच.

एका ओढ्यावर असे शेकडो खड्डे, सगळ्यांत संध्याकाळी आग, वारा नाही, थंडीने धूर वर न जाता दरीतच बसलेला. आणि आजूबाजूचे डोंगर सगळे बोडके दिसतात ना, ते या आगींनी आणि केबिनींनी खाल्लेलं जंगल आहे. सुरुवातीचे आणि चार-पाच वर्षांनंतरचे फोटो शेजारी ठेवून बघा, ओळखता येत नाही. पुढे वाफेचे पाइप जमिनीत ठोकून वितळवायची पद्धत आली, मग चित्रांत बॉयलर दिसायला लागतात, त्यावरून पण चित्राचं साल अंदाजे ओळखता येतं.

मग सोनं दिसतं कुठे? सगळीकडे चिखलच दिसतो.

थंडीभर सोनं दिसायचंच नाही. उपसलेल्या मातीचा ढीग गोठून दगड होऊन पडलेला असायचा आणि त्यात किती सोनं आहे हे माणसाला नक्की माहीत नसायचं. मधूनमधून एक पॅन, म्हणजे पत्र्याची पसरट थाळी, भरून माती केबिनमध्ये आणायची, बर्फ वितळवलेल्या पाण्यात धुवून बघायची, म्हणजे अंदाज यायचा. हे बघताना मला सराफकट्ट्यावरचे झारेकरी आठवतात, दुकानांपुढची धूळ गोळा करून पाण्यात गोल गोल हलवत सोन्याचा कण बाजूला काढणारे, हाताची लकब अगदी तीच.

मे महिन्यात ओढ्याला पाणी सुटलं की मग लाकडी पन्हळी लावायच्या, स्लूस बॉक्स. तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. वरून पाणी सोडायचं, ढिगातली माती फावड्याने टाकत राहायची, हलकी माती वाहून जाते, जड सोनं पट्ट्यांमागे बसतं. काही दिवसांनी पाणी बंद करून पट्ट्या काढायच्या आणि साफ करायचं. त्या साफ करण्याच्या वेळची चित्रं बघा, चार-पाच माणसं पन्हळीवर वाकलेली असतात आणि कोणी कॅमेऱ्याकडे बघत नसतं. सात-आठ महिन्यांच्या कामाचा निकाल त्या दुपारी लागायचा.

आणि सगळेच मालक नव्हते हे पण लक्षात घ्या. खूप जण दुसऱ्याच्या क्लेमवर, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर नोंदवलेल्या खाणीच्या तुकड्यावर, मजुरीला होते, १८९७-९८ च्या थंडीत रोज साधारण १५ डॉलर मिळायचे, बाहेरच्या जगाच्या मानाने प्रचंड, पण डॉसनमधले भाव बघितले की त्यातलं उरायचं फार थोडं.

केबिनच्या आतल्या चित्रांत काय बघायचं?

सगळं! मी तर याच चित्रांवर सगळ्यात जास्त वेळ घालवते. बाहेरून लाकडी ओंडके, फटींत शेवाळ कोंबलेलं, छपरावर माती. आत पत्र्याची छोटी शेगडी, तिच्यावर दोरी बांधून मोजे आणि मिटन वाळत घातलेले, कारण ओले मोजे म्हणजे सकाळी गोठलेली बोटं. भिंतीला बंक, एकावर एक. काच मिळायची नाही म्हणून खिडकीला रिकाम्या बाटल्या उभ्या रचून मधे शेवाळ भरलेलं असायचं. ओंडक्यात टोचलेली मेणबत्ती. कोपऱ्यात पीठ, बीन्स, बेकन, सुकी सफरचंदं यांची पोती आणि डबे. सोन्याची जी पॅन तीच कधी कणीक मळायला, तीच तोंड धुवायला.

शेगडीच्या वर एखादं भांडं टांगलेलं दिसलं तर ते नीट बघा. त्यात ब्रेडचं आंबवण असायचं, सोअरडो. यीस्ट मिळायचं नाही, म्हणून थोडं आंबवण कायम जिवंत ठेवायचं आणि त्याला गारठू द्यायचं नाही, काही जण तर रात्री अंथरुणात घेऊन झोपायचे. आपल्याकडे थंडीत इडलीचं पीठ नीट आंबत नाही म्हणून वैतागणाऱ्यांना हे लगेच कळेल. तिथे एक हिवाळा काढलेल्या जुन्या माणसाला पण सोअरडो असंच म्हणायचे, आणि नवख्याला चीचाको.

दोघं-तिघं जण एवढ्याशा खोलीत अंधाराचे महिने काढायचे, रोज तेच जेवण, आणि मग भांडणं व्हायची, वर्षानुवर्षांचे मित्र वेगळे व्हायचे, सामानाची वाटणी करायचे. हे चित्रात नाही दिसत पण ती खोली बघितली की पटतं.

आजारपण, मृत्यू यांची चित्रं आहेत का?

मृत्यूची आहेत. ३ एप्रिल १८९८ ला चिलकूटच्या वाटेवर मोठा हिमलोट आला, साठच्या वर माणसं गेली, त्यानंतर बर्फ उकरून प्रेतं काढतानाचे फोटो आहेत. व्हाइट पास या दुसऱ्या खिंडीच्या वाटेवर जवळजवळ ३००० घोडे मेले, त्यांचे पण आहेत, मन घट्ट करून बघावे लागतात. आजारपणाची मात्र फार कमी. स्कर्व्ही खूप होता, ताजी भाजी-फळं नाहीत म्हणून हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, पाय काळे पडायचे, त्यावर स्प्रूस झाडाच्या पानांचा काढा प्यायचे. १८९८ च्या उन्हाळ्यात डॉसनमध्ये टायफॉइड पसरला, कारण शहर दलदलीवर वसलेलं आणि पाण्याची काही सोय नाही. फादर जज या पाद्र्यांनी तिथे हॉस्पिटल चालवलं, स्वतः जानेवारी १८९९ मध्ये वारले. आजारी माणसाचं चित्र कोणी विकत घेत नसावं, एवढंच मला वाटतं.

बायका होत्या का तिथे?

होत्या, आणि चित्रांत जेवढ्या दिसतात त्यापेक्षा जास्त कामात होत्या. साप्ताहिकांना नाचगाण्याच्या हॉलमधल्या बायका छापायला आवडायच्या. पण खानावळी चालवणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, नवऱ्याबरोबर क्लेमवर राबणाऱ्या बायका खूप होत्या. बेलिंडा मलरूनीने तर ओढ्यांच्या संगमावर हॉटेल काढलं, मग डॉसनमध्ये फेअर व्ह्यू हॉटेल बांधलं. केबिनसमोरच्या ग्रुप फोटोत कडेला ॲप्रन घातलेली बाई दिसली तर तिच्याकडे नीट बघा, त्या सगळ्या बाप्यांचं जेवण बहुतेक तिच्या हातचं असणार.

तिथल्या मूळ लोकांचं काय? ते चित्रांत दिसतात का?

दिसतात, पण नाव नसलेले. फोटोखाली नुसतं 'इंडियन हमाल' असं काहीतरी लिहिलेलं असतं. चिलकूटची वाट मुळात ट्लिंगिट लोकांची व्यापाराची वाट होती, आणि सामान वाहून नेण्यात पुरुष, बायका, मुलं सगळी होती, भाव ठरवून घ्यायची, हिशोबाला पक्की. क्लोंडाइक नदीच्या तोंडाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांची मासेमारीची जागा होती, तिथेच गर्दी येऊन बसली. मग त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक आपल्या लोकांना घेऊन थोडं खाली मूसहाइडला गेले, आणि आपली गाणी परंपरा टिकावी म्हणून अलास्कातल्या नातलगांकडे सोपवून ठेवली. ॲडनी त्या थंडीत याच लोकांबरोबर मूसच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला गेला आणि तिथली चित्रं काढली. ती माझ्या मते त्याची सगळ्यात चांगली आहेत, कारण तिथे माणसं घाईत नाहीत, आपल्या घरी आहेत, काय करायचं ते त्यांना माहीत आहे. इथल्या काही जागा २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या त्या पण याच लोकांच्या नावाने, ट्रॉन्डेक-क्लोंडाइक.

ही चित्रं कितपत खरी मानायची?

चित्र कोणी आणि कुठे बसून काढलं ते आधी बघा. १८९७ मध्ये घाईघाईने गाइडबुकं निघाली, त्यात कधी उत्तरेला न गेलेल्या लोकांनी काढलेली चित्रं होती, सपाट वाट, हसरा माणूस, हातात सोन्याचा गोळा. दुकानदारांना सामान विकायचं होतं. असली चित्रं बघून लोक घरदार गहाण टाकून निघाले, त्यामुळे मला त्यांचा राग येतो.

फोटो पण सगळे सहज काढलेले नसतात. पॅन हातात धरून, स्वच्छ शर्ट घालून, ओळीत उभं राहून घरी पाठवायला काढलेले खूप. तेव्हा हात बघा, बूट बघा, मागची लाकडं किती रचलीत ते बघा. पोज देणाऱ्याच्या लक्षात न आलेल्या गोष्टी खऱ्या असतात.

सुट्टी, करमणूक वगैरे?

रविवारी काम बंद, पोलीस कडक होते, रविवारी स्वतःसाठी लाकूड फोडलं तरी पकडायचे. टपाल आलं की पोस्टापुढे लांबच लांब रांग, त्याची चित्रं भरपूर आहेत. जुनं वर्तमानपत्र आलं तर हॉलमध्ये मोठ्याने वाचायचे आणि लोक पैसे देऊन ऐकायला यायचे. उन्हाळ्यात डास, इतके की तोंडावर जाळी घेतल्याशिवाय काम नाही, जाळीवाल्या टोप्या दिसल्या की चित्र जून-जुलैचं समजा.

हे सगळं संपलं कधी?

१८९९ च्या उन्हाळ्यात अलास्कात नोमच्या समुद्रकिनाऱ्यावर सोनं मिळाल्याची बातमी आली आणि डॉसनमधून लोक हजारोंनी निघून गेले. ॲडनी पण १९०० मध्ये नोमला जाऊन आला. क्लोंडाइकमध्ये खाणकाम चालूच राहिलं, पण मोठ्या कंपन्यांचं, गाळ उपसणाऱ्या ड्रेजर मशीनचं, आणि त्या चित्रांत माणसं लहान होत जातात.

मी सिएटलला असते / मुलगा तिकडे आहे, जाऊन काय बघता येईल?

हा प्रश्न आता खूप येतो, कारण सिएटल-रेडमंड भागात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत. सिएटलच्या पायोनियर स्क्वेअर भागात क्लोंडाइक गोल्ड रश नॅशनल हिस्टॉरिकल पार्कचं छोटं म्युझियम आहे, तिकीट नाही, तासा-दीड तासात होतं. एक टन सामान म्हणजे किती ते मुलांना तिथे नीट समजतं. अलास्का क्रूझ घेणार असाल तर बोट बहुतेक स्कॅग्वेला थांबते, तिथे याच पार्कचा मोठा भाग आहे. आणि कुठेच जाणार नसाल तर युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लायब्ररीने हेगचे फोटो ऑनलाइन ठेवलेत, फुकट, झूम करून बघता येतात. मोबाइलवर नका बघू, कॉम्प्युटरवर बघा, आणि चिलकूटच्या रांगेपेक्षा आधी बोनान्झा आणि एल्डोरॅडो ओढ्यांवरचे शोधा.